खंडेनवमीच्या टेपमधला साचेवाला

भूत, आत्मा, देवाचा कौल... आमच्या घरात यातलं काहीच चालायचं नाही. बाबांच्या पलंगाखाली गिरणी संपाच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी वाचायला शिकले ती त्यांवरच. कुणी भुताची गोष्ट काढली की मी म्हणायचे – माणसांनी माणसांचं काय केलं, ते आधी बघा! आजही हेच म्हणते. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

लालबागला आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर माझी आत्या राहते. तिचे यजमान दत्तारामकाका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपानंतर गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, पण काकांना परत घेतलं नाही. रोज गेटपर्यंत जायचे, परत यायचे. तसेच वारले. त्यांचा एकुलता एक फोटो पुढे छताच्या गळतीत भिजून गेला. आत्याने भिंतीवरचा खिळा मात्र काढला नाही. पितृपक्षात त्या नुसत्या खिळ्यासमोर पान वाढायची.

गेल्या वर्षी म्हणाली, "गो बाय, माका आता तेंचा तोंडसुद्धा आठवना नाय."

काका गेले ते माझ्या जन्माआधी. मी तर त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं.

त्याच सुमारास आम्ही गिरणी कामगारांवर एक प्रदर्शन करत होतो. शेजाऱ्यांकडे एक जुनी व्हिडिओ कॅसेट मिळाली – काका गेल्यानंतरच्या एका खंडेनवमीची. त्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा. सगळे माग बंद, घरच्यांना आत जायची मुभा. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून मी अख्खी पाहिली. झेंडूच्या माळा घातलेले माग, नारळ, नटूनथटून आलेल्या बायका. पोस्टरसाठी फोटो हवे होते, म्हणून सॉफ्टवेअरला सांगितलं – दर दहा सेकंदांनी एक फ्रेम काढून ठेव. आणि चहा टाकायला उठले.

परत येऊन फोटो चाळू लागले. माग, माळा, माग... आणि एका मागाशी एक माणूस उभा. मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा ओठांना लावलेला. साचेवाले धोट्याच्या भोकातून सूत असंच तोंडाने ओढायचे, कापूस सरळ छातीत जायचा. पण खंडेनवमीला काम कोण करतं?

व्हिडिओत ती जागा शोधली. थांबवली, एकेक फ्रेम मागेपुढे केली. बंद माग, झेंडू. माणूस नाही.

माझा मित्र समीर परळला व्हिडिओ एडिटिंग करतो. त्याला बोलावलं.

"अगं, जुन्या टेपवर नवीन शूट केलंय. खालचं वर आलं. भूतबित काय नाय, डोकं नको खाऊस!"

"मग त्याची सावली खंडेनवमीच्या माळेवर कशी पडलीय रे?"

समीरने माउस ओढून घेतला. मग त्याने स्वतः तीच सेटिंग ठेवून पुन्हा फ्रेम काढल्या. या वेळी तिथे कुणीच नव्हतं. पहिला फोटो मात्र होता तसाच.

"तो डिलीट नको करू हां," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप आत्याच्या मांडीवर ठेवला. फोटो गिरणीतला आहे, इतकंच सांगितलं. तिने पदराने स्क्रीन पुसली. मग त्या माणसाच्या हातावर बोट ठेवलं.

"धोटो असोच धरायचे. करंगळी वर." मग एकदम हसली. "खंडेनवमीकसुद्धा काम! मेल्यांनी सुट्टी पण दिल्यानी नाय."

आणि हळूच म्हणाली, "पण घेतल्यानी मा तेंका आत."

समीर म्हणत होता, हाच फोटो मोठा करून लाव, गर्दी होईल. मी लावला नाही. जे व्हिडिओत नाही, ते मी कामगारांच्या नावावर खपवणार नाही. एकच प्रिंट काढली, फ्रेम केली आणि आत्याला दिली.

तो माणूस काकाच होते का? आत्याला खरंच ओळख पटली, की इतकी वर्षं चेहरा हवा होता म्हणून...? आणि काका नसले, तरी तिथे होतं कोण? आजवर मला कळलेलं नाही. एरवी मी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. पण यंदाच्या पितृपक्षात आत्या पान वाढताना त्या फोटोला म्हणाली, "आता हात धुवन बसा, माग बंद करा..."

आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला.