कांबळेबाईंनी बुडवलेले माझे करार

कांबळेबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी बोटांकडे. शाहूपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाचं बिल टाइप करत होतो. नमस्कार नाही, काही नाही. काउंटरला वळसा घालून माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोनच बोटं चालवालाईस. बाकीची काय भाड्यानं दिलीस व्हय?"

गिऱ्हाईक हसलं. मी हसलो नाही. बाईंनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला होता. कोल्हापुरातल्या निम्म्या कचेऱ्यांचे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. टाइपरायटर भंगारात निघाले तसा क्लास बंद पडला, पण बाई काही बंद पडल्या नाहीत.

बिल करता करता मी त्या गिऱ्हाइकाच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये नेहमीप्रमाणे ऑफिस सॉफ्टवेअरची कॉपीही टाकून देत होतो. लायसन घ्यायची ऐपत कुणाची? सगळा बाजार तेच करत होता. बाईंनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "ही चोरीची हाय न्हवं?"

गिऱ्हाईक शाळामास्तर निघाला. "चोरीची असेल तर नको," म्हणून कॉम्प्युटर तिथंच ठेवून गेला. मग मी उठलो. जिन्याखाली बसून टीव्ही दुरुस्त करत करत मी इथवर आलोय. माझं गिऱ्हाईक फोडणाऱ्याला मी सोडत नाही. मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या.

"झालं? आता चा सांग. मी तुला धंदा द्यायला आलोय."

तो धंदा असा. जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून एक ऑफिसचं सॉफ्टवेअर केलेलं आहे. त्यात पत्रं लिहा, हिशेबाचे तक्ते करा, काहीही करा. घ्यायला पैसे नाहीत, चोरी नाही, आणि ज्याला अक्कल असेल त्यानं त्यात सुधारणा करावी. बाई आणि त्यांचे जुने विद्यार्थी घरी बसून त्यातल्या सूचना मराठीत आणत होते. गावोगावी जाऊन ते लोकांना दाखवायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं होतं. पण स्वयंसेवक दाखवून घरी जाणार; पुढं काही अडलं तर कुणीतरी दुकानदार लागणार. तो दुकानदार मी. देखभालीचा वर्षाचा करार माझा.

"फुकटच्या मालात मला काय मिळणार?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअर फुकट, संभाचा घाम फुकट न्हाय," बाई म्हणाल्या. संभा म्हणजे मी. हे वाक्य पुढं त्यांनी प्रत्येक गावात ऐकवलं. ऐकायला फार गोड वाटतं. मीही फसलो. कॉप्या टाकणं बंद केलं. त्यामुळं निम्मं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, आणि माझं दुकान चालायचं तर आता या करारांवरच चालणार होतं.

पहिलं गाव हुपरी. तिथल्या चांदी कारागिरांच्या एका पतसंस्थेला तपासनिसानं कॉप्यांवरून झापलेलं होतं, म्हणजे गरज पक्की. जाताना एसटीत मी बाईंना हातापाया पडून सांगितलं, "बाई, फुकट हा शब्द तोंडातून काढू नका. मी एक मोठा आकडा सांगतो, चेअरमन तो पाडतील, मी रडल्यासारखं करीन. मालाची किंमत मी घेणार नाही, सगळा आकडा माझ्या सेवेचा. पण भाव पाडायला मिळाला पायजे, न्हाय तर माणूस माल घेत न्हाय."

"खोटं बोलायचं व्हय?"

"धंदा करायचा."



संस्थेच्या माडीवर सगळे संचालक जमले होते. खालच्या घरांतून पैंजणांचा आवाज येत होता. बाईंनी झकास दाखवलं, मराठीत दाखवलं, सगळे खूश. चेअरमननी टोपी सारखी केली. "बाई, माल पटला. दर बोला."

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "फुकट."

चेअरमननी संचालकांकडे बघितलं, मग परत बाईंकडे. "बरं. मग त्यात कमी किती करणार?"

"आवो, फुकट म्हणजे काय न्हाय. त्यातनं काय कमी करणार?"

"ते मला कळतंय. पण तुम्ही कायतरी बोला, मग मी कायतरी बोलतो. उद्या सभेत सभासद इचारणार, चेअरमननं किती तोडून आणलं? आमी हितं रोज चांदीत घासाघीस करणारी माणसं. पयल्याच दराला हो म्हटलं म्हणून सांगू व्हय?"

एक संचालक म्हणाला, "सोडा. फुकट म्हणतीया म्हंजे कायतरी खोट असणार."

माझं डोकं सटकलं. मी उभा राहून बाईंनाच झापायला लागलो, संचालक मलाच झापायला लागले, आणि सगळं बोंबलणार असं दिसत असताना बाईंनी टेबलावर थाप मारली.

"किंमत हाय," त्या म्हणाल्या. "पैशात न्हाय. शिकंल त्यानं पाच माणसांस्नी शिकवायचं."

चेअरमनचा चेहरा उजळला. ते खुर्चीत पुढं सरकले. "पाच लई हुत्यात बाई."

"मग दुसरीकडं बघा."

"दोन."

"दोनांत मला परवडत न्हाय. चार."

"बाई, कारागीर माणसं हाईत, येळ कुटं हाय? एक तुमी सोडा, एक मी चढतो. तीन करा."

बाईंनी मोठा उसासा टाकला. तो माझ्याच खिशातून चोरलेला उसासा होता. "मारलासा बघा मला. चला, तीन."

चेअरमननी संचालकांकडे असं बघितलं जणू किल्ला घेतला. माझ्या कराराच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. येताना मी बाईंना भजी खायला घातली. इतका चांगला सौदा मी स्वतःसुद्धा कधी केला नव्हता, असं मी त्यांना म्हणालोसुद्धा.

वर्ष सरलं आणि मला सौदा कळला. हुपरीतून मला एक फोन आला नाही. एकाचं अडलं की शेजारची सून येऊन सोडवायची, तिचं अडलं की गल्लीतला चांदीच्या जोडांना डाग देणारा कारागीर. एकानं तिघांना, त्यांतल्या प्रत्येकानं आणखी तिघांना. करार वाढवायला गेलो तर चेअरमननी चहा पाजला आणि प्रेमानं म्हणाले, "संभाजीराव, तुमचं काम इतकं चांगलं हाय की तुमची गरजच पडली न्हाय."

मी तसाच बाईंच्या घरी गेलो. दारातूनच सुरुवात केली. "माझं पोट मारलासा तुमी."

बाई भाजी निवडत होत्या. "रोगी बरा झाला म्हणून रडणारा डॉक्टर आज बघालोय. जिल्हा काय हुपरीवर संपला व्हय? उद्या शाहूवाडीला चल. भातवाल्यांचा गट हाय."

शाहूवाडीला गेलो. तिथंही तेच झालं. पुढच्या गावातही. बाई मला नवीन गाव मिळवून द्यायच्या आणि वर्षभरात ते गाव माझ्या हातातून काढून घ्यायच्या. दुकान चाललं, ते नाकारत नाही. पण एकाच गिऱ्हाइकाला तोच करार दुसऱ्या वर्षी परत विकायचं सुख त्या बाईनं मला कधी दिलं नाही.

गुडघे गेल्यावर बाई मुलीकडे धारवाडला निघाल्या. निरोपाला गेलो तेव्हा मी सरळ सौद्यालाच बसलो. "बाई, एक गाव मला सोडा. तिथं शिकवू नका, तुमच्या पोरांना पाठवू नका. माझं म्हणून एक गाव."

"कुठलं?"

"नृसिंहवाडी. पेढे-बर्फीवाल्यांची संस्था."

बाईंनी घासाघीस केली नाही. "घे की," म्हणाल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नृसिंहवाडीचा करार मी एकट्यानं केला, मनासारखा आकडा लावून. पहिल्या महिन्यातच तिथल्या क्लार्क मुलीचा फोन आला. "काका, छापताना कडेचं कापालंय." मी गाडी काढली. गुपचूप दुरुस्त करायचं, काही सांगायचं नाही, म्हणजे ती परत बोलावते. धंद्याची रीत आहे. गेलो, बसलो, आणि माझ्याच तोंडातून आलं, "अगं, तिकडं लांब काय उभी राहिलीस? इकडं बस. मी सांगतो तसं कर." तिच्यामागं दोन दुकानदार येऊन उभे राहिले. त्यांनाही सांगितलं.

वर्ष संपलं तेव्हा वाडीवाल्यांनी मला बासुंदी खायला घातली आणि म्हणाले, "पावणं, आता आमचं आमास्नी जमालंय की."

दुकानात परत येऊन मी पहिला फोन धारवाडला लावला. घसा बसेपर्यंत बोललो. ही सवय तुम्ही लावलीत, तुमच्यामुळं मी बुडालो, याची भरपाई कोण करणार? मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यांचा आवाज आला, जरा बारीक झालेला.

"किती जणांस्नी शिकवलास?"

"तिघांना. इशय तो न्हाय बाई."

"नावं सांग."

मी नावं सांगितली. त्यांनी ती एकेक करून परत म्हटली, मग म्हणाल्या, "बरं. दमलास. उरलेलं भांडण उद्या कर, मी हाय हितंच."

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती, फोन राहून गेला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला, बाई गेल्याचा.

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. वाडीच्या प्रकरणात चूक त्यांचीच होती आणि माझी बाजू खणखणीत होती. हे मी अनेकांना समजावून सांगतो. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि तुमचंच बरोबर म्हणतात. मला असलं भांडण चालत नाही.