मावशीची शेगडी परळला जाते

एकाच खानावळीत वर्षानुवर्षं जेवणाऱ्या माणसांचे किस्से डब्यातल्या लोणच्यासारखे मुरत जातात. एकाने काढला की बाकीचे हात वाळेपर्यंत उठत नाहीत. आमच्या काळाचौकीच्या ताराबाईमावशीच्या खानावळीतले निम्मे किस्से तिच्या शेगडीचे आहेत.

ही शेगडी म्हणजे तेलाचं अर्धं पिंप, खाली चार पाय, वर लोखंडी जाळी. आतून मावशीने गावच्या नदीची माती आणून स्वतः लिंपलेली. तिच्यावर भाजलेला बांगडा खाल्ला की माणूस गिरणीतल्या साहेबालाही माफ करायचा. पण मालकाला खोली हवी झाली, आणि मावशीला परळला दुसरी मिळाली.

मावशीला घोर एकच. "शेगडीची माती फुटली तर ती माती आणूक गावाक जावचा लागतला. आणि नाय फुटली तरी परळाक माका कोण वळाखता? जेवूक येतला कोण?"

बंडू, गोविंदा, दगडू आणि मी, आम्ही चौघांनी शब्द दिला, शेगडीला ओरखडा पडणार नाही. गिऱ्हाइकांचा शब्द काही आम्हाला देता आला नाही.

*

बंडू ऑफिसात कारकून, त्यामुळे त्याने आधी मापं घेतली. शेगडी दारापेक्षा चार बोटं रुंद निघाली. तिरकी करून पाहिली, पाय वर करून पाहिली. तासभर वाद झाला. शेवटी गोविंदाने विचारलं, "मावशी, मग ही आत आणलीस कशी?"

मावशी तांदूळ निवडत म्हणाली, "ती इली तेव्हा दार खंय होता?"

पडवीला भिंत घालून तिची खोली केली होती, शेगडी आल्यानंतर. आम्ही चौकटीसकट दार उतरवलं.

*

गोविंदा गिरणीत साच्यावर होता, त्याचा यंत्रावर विश्वास. त्याने हातगाडी मागून आणली. मावशी म्हणाली, आधी रिकामी चालवून दाखव. मग शेगडीच्या जागी दगडूला बसवलं, आणि धक्के कळावेत म्हणून हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला.

नाक्यापर्यंत जाऊन परत आलो तेव्हा तांब्या रिकामा होता आणि दगडू ओलाचिंब. मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि टॉवेल दिला. हातगाडीचा विषय तिथेच संपला.

*

मग मी व्हिक्टोरिया ठरवली. गाडीवाला म्हातारा, भला माणूस. सामान काय विचारलं, मी शेगडी म्हटलं, तो हबकला. "घोडा आग से डरता है, साब."

"अहो, विझलेली आहे."

"वो मैं समझा. घोडे को कौन समझाएगा?"

मी घोड्याकडे पाहिलं. तो समजून घेणाऱ्यातला दिसत नव्हता.

*

शेवटी ठरलं, खांद्यावरून न्यायची. रे रोडच्या वखारीतून दोन लांब बांबू आणले, मध्ये आडव्या काठ्या बांधल्या, वर शेगडी दोराने आवळली. वारा लागून माती तडकू नये म्हणून मावशीने गोविंदाचं धुतलेलं पांढरं धोतर वरून पांघरलं. जुन्या घरचा विस्तव नव्या घरी न्यायचा, ही तिच्याकडची रीत. तेव्हा मडक्यात निखारे घालून बंडूला पुढे चालायला सांगितलं, आणि जेवणाची तयारी करायला मावशी बसने परळला गेली.

गोविंदा आणि मी पुढे, दगडू आणि मदतीला बोलावलेला त्याचा भाऊ मागे. खड्डे चुकवायचे म्हणून माना खाली, आणि दम लागल्यामुळे कोणी बोलत नव्हतं. पुढे बंडूच्या मडक्यातून धूर.

लालबागला पहिल्या दुकानदाराने फळी अर्धी ओढली आणि हात जोडले. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मन सगळ्यांचंच हळवं झालेलं, आणि चार माणसं गंभीरपणे चालताना दिसली की पाचवा न विचारता मागून येई. थोड्या वेळाने मी मागे पाहिलं, तर पाच-पन्नास माणसं चालत होती. नाक्यावरच्या हवालदाराने टोपी काढून ट्राम थांबवली.

बंडू कुजबुजला, "सांगून टाकू या काय?"

"आता सांगितलंस तर मार खाऊ. चाल गुपचूप," गोविंदा म्हणाला.

एक अनोळखी गृहस्थ जवळ आले. "दमलात तुम्ही. द्या इकडे," म्हणत त्यांनी माझा खांदा घेतला. मग दर वीस पावलांवर कोणीतरी खांदा बदलू लागलं, इतक्या हलक्या हाताने की आम्हालाही जमलं नसतं. मला हसू येत होतं आणि खरं सांगतो, डोळेही भरून आले होते.

परळच्या दारात शेगडी अलगद उतरली. सगळे टोप्या काढून उभे राहिले. मावशी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिने धोतर बाजूला केलं, आतल्या मातीवरून बोट फिरवलं. एक चीर नव्हती. बंडूकडून मडकं घेऊन तिने निखारे शेगडीत ओतले, जाळी ठेवली आणि मग त्या चिडीचूप गर्दीकडे पाहिलं.

"हात धुवन घेवा," ती म्हणाली. "बांगडे भाजतंय."