शेठ, वनिता आणि बारा तास

“साहेब, नवीन नियमात वनिता बसत नाही. काढू ना तिला?”

शेठनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. माझं ऑफिस पेणला, रामवाडीत. कामगार कायद्याचा सल्ला देणं हा माझा धंदा. शेठची मसाले पॅकिंगची फॅक्टरी रोह्याला. वनिता तिथली पॅकर. हातमोजे फाटले, पंखा बंद पडला, की पहिली बोंब तिचीच. त्यामुळे ती शेठच्या डोळ्यांत सलायची.

राज्यानं नियम बदललेत. कारखान्यात आता दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेता येतं. आठवड्याचे एकूण तास तेवढेच, म्हणजे सुट्टीचे दिवस वाढतात. पण कामगाराची लेखी संमती लागते. वनिताची सासू अंथरुणाला खिळलेली. ती बारा तास थांबणार नाही, मग तिला नारळ देऊ, असा शेठचा बेत.

“नाही म्हणाली म्हणून काढता येत नाही, शेठ.”

“तुम्ही माझे सल्लागार की तिचे?”

“तुमचाच. म्हणून तर वाचवतोय.”

दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन मी पॅकिंगच्या बायकांना नियम समजावला. शेठ शेजारी उभे. सगळ्या वनिताकडे बघायला लागल्या.

“म्हातारीला बारा तास कोन बघल? मना नाय जमायचा,” ती हळूच म्हणाली. एरवी पहिली बोंब मारणारी बाई पदराचं टोक चाळवत उभी राहिली.

सगळ्यांत जुनी पॅकर सुमनकाकी पुढे झाली. “साहेब, सुट्टी सगल्यांना एकाच दिवशी काय?”

“नाही काकी, पाळीपाळीनं देता येईल.”

“मंग सावड करू गो!”

सावड म्हणजे लावणीला आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या तुझ्या. “जिला सुट्टी ती म्हातारीजवल बसल. आमची लावनी आली का वनिता तिच्या सुट्टीला येल.”

“म्हातारी शिव्या घालतं गो,” वनिता म्हणाली.

“घालू दे. शेठच्या आयकतोच ना?”

हॉल हसला. शेठ छताकडे बघत राहिले. संमतीच्या कागदावर पहिली सही वनितानंच ठोकली आणि पेन हातात ठेवूनच म्हणाली, “शेठ, बारा तासांचा काम हाय, तर बसायला स्टूल लागतील.”

शेठनी मला कोपऱ्यात ओढलं. “साहेब, आता काय करू?”

“स्टूल आणा.”

संमती मागताना समोरचा ‘हो’ म्हणेल, याचीही तयारी ठेवावी.