मुकादमाचे पाच घाव

भोईवाड्यामागच्या तबेल्यात कोंडीरामने जंगी नावाचा रेडा पारडू असल्यापासून वाढवला होता. चांगला दांडगा गडी, पण त्या साली काय बिनसलं कोण जाणे, त्याच्याकडे नेलेली म्हैस तीन आठवड्यांनी उलटायचीच. गाभण म्हणून राहायची नाही. आधी सगळ्यांनी म्हशींनाच नावं ठेवली, बाईमाणसाला ठेवतात तशी! मग डॉक्टर आला, जंगीचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली बघून म्हणाला, दोष रेड्याचाच आहे, पण मूळ त्याच्या खाण्यात आहे. वर्षभर नुसता पेंढा चारलात, अंगात क्षार येणार कुठून? रोज मीठ, वाफवलेल्या हाडांचा चुरा आणि चिमूटभर जस्त-तांब्याचे क्षार द्या, तीन महिने धीर धरा.

मालकाने मुदतच घातली. सहा महिन्यांत एकही म्हैस गाभण दिसली नाही तर रेडा कसायाला, असं त्याने मुकादम दत्तारामला बजावलं.

त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाने मुंबई बंद. क्षारांच्या पुड्या डॉक्टरनेच दिल्या, पण तयार चुरा काही मिळेना. कुठल्याशा गोदामातून वाफवलेल्या अख्ख्या हाडांचं पोतं तेवढं आलं. तबेल्यात चार गडी होते. मुकादमाने पोतं बरोबर कोंडीरामपुढे आपटलं. कूट हे, म्हणाला, तुमच्या बापजाद्यांचंच काम आहे.

कोंडीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा बाप गावची मेलेली ढोरं ओढता ओढता मेला. वर्षापूर्वी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते सगळं लाथाडून कोंडीराम मोकळा झाला होता. म्हणे बापजाद्यांचं काम! नाही कुटत, म्हणाला. नोकरी जाईल म्हटल्यावर, जाऊ दे म्हणाला. मग मुकादमाने दुखरी जागा दाबली. रेडा कापला गेला तर तुझ्यामुळे, म्हणाला.

दोन दिवस पोतं तसंच पडून राहिलं. जंगीला पाणी दाखवताना कोंडीरामला त्याच्या डोळ्यांत बघवेना. करी रोडच्या खोलीत बायकोने, मीराबाईनेही विचारलं, त्या मुक्या जिवाने काय केलंय?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने उखळ ओढत अंगणात आणलं आणि मुसळ मुकादमापुढे धरलं.

"मुकादम, परवा हिंदमाता नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझा हात धरून घोषणा देत होतात. हाडं कुटणं कमीपणाचं नसेल, तर पहिले पाच घाव तुम्ही घाला. पुढचे पाचशे मी घालतो. आणि कमीपणाचं असेल, तर मला कुठल्या तोंडाने सांगता?"

मुकादम लालबुंद झाला. शिव्या दिल्या, घरचे उंबऱ्यात उभं करणार नाहीत म्हणाला. कोंडीराम जागचा हलला नाही. रेडा गेला तर मालक मुकादमालाही ठेवणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी दत्तारामने मुसळ उचललं. कोंडीरामने पाचही घाव मोठ्याने मोजले, मग कंबर कसून सगळं पोतं एकट्याने कुटलं.

रोज मूठभर भुकटी जंगीच्या पेंडीत पडू लागली. तीन महिन्यांनी दाखवलेली पहिली म्हैस उलटली नाही. दुसरीही नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरने तपासून दोन्ही गाभण असल्याचं सांगितलं. मालक खुशीत तबेल्यात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "कोंडीराम, हाडांचं काम तुझ्या जातीच्याच हाताला साधतं बघ."

कोंडीरामने शेजारी उभ्या असलेल्या दत्तारामकडे बोट केलं.

"पहिले पाच घाव यांचे आहेत, मालक. आता यांच्याही जातीचं नाव घ्या."