फक्कीतलं स्वयंपाकघर

घासलेली भांडी पालथी घातली की एकावर एक चढत जातात, तसंच किश्श्यांचं असतं. आमच्या सोनईच्या घरात नवं स्वयंपाकघर करायचं ठरलं. अजून जुनी वीट हललेली नाही, पण किस्से बघा किती झाले!

आधी दुखणं सांगते. मी जन्मभर भाकरी बसून केली. चूल गेली, गॅस आला, तरी माझ्या दत्तानं शेगडी खालीच ठेवली. सून मंगल उठबस करून कंबरेनं गेली; तिला ओटा पाहिजे. बरोबरच आहे तिचं. पण मी बसले तर दोन तास बसेन, उभी राहिले की एका भाकरीतच पाय थरथरतात. मग नव्या घरात मी भाकरी कुठं करायची? बोलले नाही कुणाला.

*

दत्तानं मोबाईलवर किचनची चित्रं दाखवली. सगळं पांढरंशुभ्र. डबा नाही, चिमटा नाही, तेलाचा एक डाग नाही. मी निरखून बघितलं आणि विचारलं,

"ह्यांच्यात सुतक हाय का रं? चूल पेटल्याली दिसत न्हाई."

*

गफूरमेस्त्री आमचा जुना माणूस. तो म्हणाला, चित्रावरून घर बांधू नका, आधी अंगणात करून बघू. पाया आखतात तशी त्यानं चुन्याची फक्की घेतली आणि नवं स्वयंपाकघर खऱ्या मापानं अंगणात आखलं. ओटा, सिंक, फ्रिज, दार, सगळं पांढऱ्या रेघांचं.

"आठ दिस ह्यात वावरा," म्हणाला. "फक्की पायानं पुसती, भिंत पुसत न्हाई."

मंगल लगेच आत जाऊन हवेतला कुकर उतरवायला लागली. वळली आणि थबकली. दार उघडलं की तिच्या पाठीत बसत होतं म्हणे! मेस्त्रीनं दार दोन हात सरकवलं.

*

धाकटी जाऊ हौसा बघायला आली. रेघेबाहेर चपला काढून उभीच राहिली. आत ये म्हटलं तर विचारते, "दार कुठाय?"

दाखवलं. अख्ख्या अंगणाला वळसा घालून दारातून आली, रेघांमध्ये बसून चहा प्याली, आणि जाताना म्हणाली, "हवेशीर केलंय बाई."

*

फ्रिजच्या जागेवर लिंबाची सावली पडायची. आमची शेळी रोज दुपारी फ्रिजमध्ये बसून रवंथ करायची.

एकदा घरात कुणी नाही असं बघून मी आत गेले. ओट्यापुढं बसून बघितलं, तर मंगलच्या पायांत येत होते. दाराशी बसले तर वाट अडत होती. उरली शेळीची जागा. तिला उठवलं, मांडी घातली आणि हवेतच भाकर थापायला लागले. हात आपसूक चालतात हो, पीठ असो नसो.

वर बघते तर मंगल फक्कीच्या दारात उभी. या वयात चोरी सापडल्यागत झालं मला.

"आत्या, उलटा आता, करपंल," म्हणाली आणि गेली.

*

मग मेस्त्री घरात मापं घ्यायला आला. ओटा करायचा तर जी करणार तिच्या कोपराची उंची धरतात. मंगल भिंतीला लागून उभी राहिली. मेस्त्रीनं टेप लावला, पेन्सिलीनं रेघ ओढली आणि शेजारी 'ओटा' असं लिहिलं. टेप खिशात घालणार तोच मंगलनं त्याला थांबवलं. माझा पाट आणून कोपऱ्यात टाकला.

"आत्या, बसा."

"मी कशाला?"

"बसा तर. आन् भाकर थापताना धरता तसं हात धरा."

मेस्त्री म्हणाला, "वहिनी, तिथं फ्रिज हाय."

"फ्रिज पडवीत बसंल."

मेस्त्री गुडघ्यावर आला. माझ्या कोपराशी टेप लावून त्यानं वीतभर उंचीवर दुसरी रेघ ओढली. मग पेन्सिल तशीच धरून मंगलकडं बघत राहिला.

"हिच्यापुढं काय लिहू?"

"लिहा, भाकर."