आदर्श ड्रायव्हिंगची कॅसेट

गस्तीच्या जीपमध्ये कॅमेरा बसवणार ही बातमी आली आणि आमच्या पोलीस लाईनीतल्या घराघराची पाचावर धारण बसली. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा भोरला बारावीत होते. नवे साहेब आले होते, तरुण, आणि त्यांच्या डोक्यात हे खूळ होतं. एका जीपला प्रयोग म्हणून पुढच्या काचेमागं कॅमेरा लावायचा, सीटखाली रेकॉर्डिंगचा डबा ठेवायचा, आणि शनिवारी सगळ्यांना एकत्र बसवून टीव्हीवर कॅसेट बघायची. कुणाला धाब्यावरच्या लांबलेल्या चहाची धास्ती, कुणाला झाडाखाली काढलेल्या डुलकीची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचे हे गाडीत बसून लई शिव्या देतात गं, त्यापण वाजतील का टीव्हीत?" नळावरच्या सगळ्याजणी हसल्या. माझी अम्मी हसली नाही.

कारण ती जीप माझे अब्बा चालवायचे, आणि अब्बांना बाजूचं दिसत नव्हतं.

काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकवा. समोरचं लख्ख दिसायचं, सुईत दोरा अब्बाच ओवून द्यायचे. पण कडेचं सगळं गेलेलं, नळीतून बघितल्यासारखं. जेवताना शेजारचा तांब्या लवंडायचा. मी डावीकडून जाऊन उभी राहिले की दचकायचे आणि वर मलाच ओरडायचे, "पाय वाजवत ये की जरा!"

हे आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कागदावर एकदा 'अनफिट' लागलं की नोकरी गेली, लाईनीतली खोली गेली, असं अब्बांनी ठरवूनच टाकलं होतं. खरंच तसं होतं का, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की बिंग फुटलंच. "रिटायर व्हायला थोडंच राह्यलंय, तेवढं ढकलू," म्हणायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अहो, ढकलू काय? जीप आहे, हातगाडी नाही! पण तोंडानं बोलायची माझी छाती नव्हती. अम्मी डोळ्यांनीच दटावायची.

गाडी ते चालवायचे कशी? पाठांतरावर. नसरापूरकडचा रस्ता, वेल्ह्याकडचा रस्ता, वरंधा घाटाकडं जाणारा हिर्डोशीचा रस्ता, सगळी वळणं तोंडपाठ. वळणाआधी गाडी हळू करायची आणि हॉर्न दाबायचा. बाजूचं बघायला शेजारी बसणारे हवालदारकाका होते. "मान आखडलीय माझी, डावीकडं जरा बघता का?" असं अब्बा म्हणायचे आणि काका बिचारे बघायचे. वर्षभर कुणाची मान आखडलेली राहते का हो? पण काकांना शंका आली नाही. उलट त्यांनी घरून शेकायची पिशवी आणून दिली.

पुण्याहून मेकॅनिक आला, कॅमेरा बसवून गेला. त्या संध्याकाळी अब्बांनी भाकरीला हात लावला नाही.

"काय झालं?" अम्मीनं विचारलं.

"त्यो डबा नुसता बघत न्हाई," अब्बा म्हणाले. "ऐकतोबी."

म्हणजे मानेचं सोंग बंद. रोज रोज तेच वाक्य टीव्हीत वाजलं तर साहेब काही हवालदारकाका नव्हते. आणि काकांचीही आता बोलती बंद झाली होती, शिवी तोंडातून निसटेल म्हणून ते गाडीत तोंड मिटून बसायचे. आता अब्बांच्या डाव्या अंगाला बघणारं कुणीच उरलं नाही.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. पुस्तक समोर आणि कान रस्त्यावर. फोन कुठं वाजला तरी मी दारात धावायचे. डोळे मिटले की मला कधी म्हैस दिसायची, कधी सायकलवाला, कधी रस्त्याकडेला खेळणारं पोर, आणि अब्बा सरळ समोर बघत चाललेले. मला अब्बांची काळजी होतीच. पण खरं सांगते, त्यांच्यामुळं कुणीतरी मरेल याची भीती त्याहून मोठी होती. अम्मीला तसं म्हटलं तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "या अल्ला, असलं बोलू नये!"

शनिवारी दुपारी सगळे कॅसेट बघायला गेले. अम्मी नमाजाच्या जानमाजवरून उठली नाही. मी दारातच उभी. तासाभरानं हवालदारकाका लांबूनच ओरडत आले, "अहो वहिनी, पेढे काढा पेढे! चाचांनी लाईनीचं नाव काढलं!"

साहेब म्हणे खूश झाले होते. प्रत्येक वळणाला हॉर्न, गाडी कुठं पळवलेली नाही, कुठं खसकन ब्रेक नाही. "याला म्हणतात आदर्श ड्रायव्हिंग," असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लावल्या. ती कॅसेट दुसऱ्या ड्रायव्हरांना दाखवायला वर पाठवणार होते. एवढंच नाही, पावसाळा तोंडावर आला होता, दरडींचे आणि धुक्याचे दिवस, म्हणून सोमवारपासून घाटातली रात्रीची गस्त अब्बांना दिली होती. असाच सांभाळून चालवणारा माणूस तिथं पाहिजे म्हणे.

अम्मीनं भिंत धरली. काकांना वाटलं, आनंदानं.

मागून अब्बा आले. टोपी काढून खुंटीला लावली, खाली बसले. मला राहवलंच नाही. "अब्बा, घाटात? रात्री? धुक्यात? जाऊन आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते!" एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार.

"सांगायचंच हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पर आदी तिला बघून यायला पायजे."

"कुणाला?"

मग त्यांनी सांगितलं. टीव्ही लहान होता आणि ते मागं, लांब बसले होते. त्यामुळं सगळाच्या सगळा टीव्ही त्यांच्या नळीत मावला. जो रस्ता रोज अर्धामुर्धा दिसायचा, तो त्यांना कडेपासून कडेपर्यंत दिसला. आणि हिर्डोशीच्या अलीकडं डाव्या कोपऱ्यात त्यांना एक पोरगी दिसली, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली.

"गाडी तिच्या अंगावरच चाललीया, बेटा. तिनं भारा टाकला आन खाली उडी मारली. तितं वळण न्हाई, म्हून म्या हॉर्नबी दिला न्हाई. हवालदार पेंगत व्हते, आन इंजनाच्या घरघरीत काय ऐकूबी आलं न्हाई. त्या दिशी तितनं जाताना म्या मनात म्हणलं, आज रस्ता किती मोकळा हाय."

"आणि टाळ्या?"

"टाळ्या वाजत व्हत्या. म्या तिलाच बघत व्हतो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. ती पोरगी जिवंत आहे की नाही, तेच आम्हाला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. अब्बा साध्या कपड्यांत. उतरल्यावर त्यांनी जागा बरोबर ओळखली. कडेला पाहिलं तर खाली भाताचं खाचर होतं, चांगलं पुरुषभर खोल. तिथून पायवाटेनं वरच्या घरांकडं गेलो आणि पहिल्याच दारात विचारलं. अंगणात एक बाई नाचणी पाखडत होती.

"व्हय, माझीच पोर ती," बाई म्हणाली. "पाय मुरगाळला, हळद लावलीया. वाचली म्हणायची."

मला रडूच आलं. अब्बा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "गाडी म्या चालवत व्हतो, ताई."

बाईचं सूप थांबलं. "पोर वरडली की हो! ऐकू न्हाई आलं? दिसतबी न्हाई काय तुमास्नी? पोलिसाची गाडी, आमी कुणाला सांगावं?" बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि अब्बा मान खाली घालून ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "चुकलंच माझं. पोरगी कुटं हाय? तिला एकदा बघू द्या."

पोरगी त्यांच्या डाव्या हाताशीच उभी होती. लंगडत घरातून आली होती, पाहुण्यांना पाण्याचा तांब्या घेऊन. आठ-नऊ वर्षांची असेल. हात लांबवून ती अब्बांची वाट बघत होती, आणि अब्बा समोर तिच्या आईकडं बघत विचारत होते, पोरगी कुटं हाय.

बाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग माझ्याकडं. मी मान वळवली. तेवढ्यात अब्बांनी वळून पाहिलं, एकदम दचकले, आणि त्यांच्या हाताचा धक्का लागून पाणी तिच्या अंगावर सांडलं. पोरगी घाबरून आईच्या मागं गेली.

"या बया!" बाई म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठं गेला होता, आता ती भ्यायली होती. "ह्यो माणूस गाडी चालवतो?"

 

परत येताना एसटीत त्यांनी माझा हात धरला तो सोडला नाही. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. अब्बांना घरी बसवलं नाही. वायरलेसवर बसवलं, रिटायर होईपर्यंत, आणि खोलीही राहिली. ज्या भीतीपायी आम्ही तिघं रोज मरत होतो आणि दुसऱ्यांचा जीव टांगत होतो, ती भीती फोल होती. पण त्या दिवशी एसटीतून उतरताना आम्हाला हे कुठं माहीत होतं? आम्हाला वाटत होतं, सगळं संपलं. आणि तरी अब्बा घराकडं वळले नाहीत, सरळ साहेबांकडं गेले. मी मागं मागं, दारातच थबकले.

साहेब कागद बघत बसले होते. टीव्ही कोपऱ्यात होता, कॅसेट वर पाठवायला गुंडाळून टेबलावर ठेवलेली. अब्बांनी कडक सॅल्यूट ठोकला, खिशातून जीपची किल्ली काढली आणि कॅसेटशेजारी ठेवली.

"साहेब, मला बाजूचं दिसत न्हाई. लई दिवस झालं. ही कॅसेट कुणाला दावू नका. ती पोरगी माझ्या गाडीखाली गेली असती."

साहेबांनी ती कॅसेट दोनदा बघितली होती, एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांबरोबर. त्यांचे डोळे शाबूत होते. त्यांनी अब्बांकडं पाहिलं, किल्लीकडं पाहिलं, आणि विचारलं, "कुठली पोरगी?"