बेटवाल्यांचा वाचणारा

बेटवाले एकटे राहत, पण काम दोघांचं करत. छापखान्यातून आलेली प्रुफं तपासायची म्हणजे एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवून चुका धरायच्या, ही त्या धंद्यातली जुनी रीत. मला ती त्यांच्यामुळंच कळली. पहिल्यांदा त्यांचं टपाल घेऊन मी बेटाकडं निघालो तेव्हा होडी निम्म्या पाण्यात असतानाच मला दोन आवाज ऐकू आले. एक संथपणे वाचत होता, दुसरा मधूनमधून "हं, पुढं" म्हणत होता. "पाहुणे आलेले दिसतात," मी गणबा भोयाला म्हणालो. गणबा वल्हं मारत राहिला. म्हणाला, "तिथं दुसरं कोनी न्हाई, गुर्जी. आमीबी पहिल्यांदा असंच इचारलं होतं."

होडी काठाला लागली तेव्हा आवाज थांबले होते. देवळाच्या पायरीवर पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून एक वाळकासा गृहस्थ बसला होता. मांडीवर लाकडी पाट, पाटावर कागद. त्यांनी मला हातानंच खूण केली, की जरा थांबा, ओळ पुरी होऊ द्या. ती ओळ बराच वेळ पुरी होत नव्हती आणि ते मान हलवत काहीतरी ऐकत होते.

पूर्णेवर धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वरच्या माळावर नव्या गावठाणात राहायला आली. मी त्या नव्या गावच्या शाळेवर मास्तर होतो. खेड्यातल्या रीतीप्रमाणे टपाल कचेरीही शाळेच्याच एका खोलीत होती आणि ती मीच सांभाळायचो. जुन्या गावचं महादेवाचं देऊळ टेकाडावर होतं. गाव उठलं तेव्हा लोकांनी पिंड वाजतगाजत नव्या गावात आणली. रिकामं देऊळ मागं राहिलं आणि टेकाडाचं बेट झालं. त्या देवळाच्या सभामंडपाला पत्रे ठोकून ते तिथं राहायला आले होते, म्हणून गाव त्यांना बेटवाले म्हणायचं. मूळचे पाथरीचे. हयात हैदराबादच्या आणि मग मुंबईच्या छापखान्यांत गेलेली. बायको नाही, मूलबाळ नाही. आता छापखाने गठ्ठे धाडत, एसटीनं ते जिंतूरहून आमच्या गावी येत, आणि हे बेटावर बसून तपासून परत पाठवत.

सुरुवातीला लोकांना वाटलं, कुणी साधू आला. दोघं-चौघं नारळ घेऊन गेले. त्यांनी नारळ फोडून खोबरं सगळ्यांना वाटलं आणि सांगितलं, "मी म्हाराज न्हाई. कामावर जाणारा माणूस हाय. फक्त कचेरी जरा लांब पडती." मी एकदा विचारलं, की काका, मुंबई सोडून इथं का? ते म्हणाले, "मास्तर, छापलेल्या कागदाला तपासणारा कुठं बसलाय ते दिसत न्हाई. मग जिथं फुरसतीनं ऐकू येतं तिथं का बसू न्हाई?" ते 'ऐकू येतं' म्हणाले, 'दिसतं' म्हणाले नाहीत, हे माझ्या परतीच्या वाटेवर लक्षात आलं.

त्या पाण्यातला मासा ते खात नसत. गणबा कधी प्रेमानं मरळ घेऊन गेला तरी हात जोडत. भोयांच्या जाळ्यात कधीकधी जुन्या गावातलं सामान अडकून यायचं. दाराची कडी, पितळी तांब्या, एकदा पाळण्याची साखळी. भोई ते आपल्या घरी ठेवायला भीत आणि बेटावर नेऊन देत. बेटवाले ती वस्तू धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसत, उताराच्या दगडावरून गुडघाभर पाण्यात जात आणि हळूच खाली सोडत. "ज्याचं त्याला," एवढंच म्हणत. झोपलेल्या माणसाच्या उशाशी काही ठेवावं तशी त्यांची हात काढून घेण्याची पद्धत होती.

न राहवून एका सुट्टीच्या दिवशी मी थेट विचारलं, "काका, वाचतं कोण?"

"वाचणारा मिळतो," ते म्हणाले.

"कुठनं?"

"बसा. कळलं तर कळंल."

मी सभामंडपाच्या खांबाला टेकून बसलो. ऊन चढलं, वारा पडला. पाणी तेल ओतल्यासारखं निपचित झालं. बेटवाल्यांनी मूळ मजकुराचे कागद आपल्यापासून दूर, पायरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले, वर एक गोटा ठेवला आणि छापील कागद मांडीवर घेतला. मला काय ऐकू आलं ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पत्र्याला लागून येणारा वारा असेल, पण वारा तर पडला होता. कुणीतरी कानडी हेल असलेल्या जुन्या मराठीत सावकाश, अक्षर लावून वाचत होतं. बेटवाल्यांची पेन्सिल त्या आवाजाबरोबर सरकत होती. एका जागी ती थांबली. त्यांनी काना खोडला आणि म्हणाले, "हं, पुढं." मी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होतो. वाचणं चालू असताना त्यांचे ओठ मिटलेले होते.

त्यानंतर मी त्यांना तो प्रश्न विचारला नाही. जात मात्र राहिलो. घाबरलेला माणूस ज्या ओढीनं विहिरीत वाकून बघतो, तशी काहीतरी ती ओढ होती.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या पावसाळ्यात एसटी बंद पडली, टपालाची पिशवी येईना. आमच्या आसपासच्या गावांतूनही धूर दिसला. गावात माणसं पारावर घोळक्यानं उभी राहत आणि मी जवळून गेलो की गप्प होत. बेटावर मीठ-रॉकेल संपलं असेल म्हणून मी गणबाला घेऊन गेलो. बेटवाले जुनाच गठ्ठा पुन्हा तपासत होते. आम्ही सामान उतरवत होतो तोवर त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी कान दिला, मग उठून उभे राहिले.

"वाचायचं थांबलाय," ते म्हणाले. "म्हणतो, पल्याड माणसं हायेत. बोलवायलेत."

पलीकडचा काठ लांब होता. तिथं नुसत्या बाभळी आणि चिखल. आम्हाला काहीही ऐकू येत नव्हतं. पण बेटवाले धोतर खोचून होडीत बसलेसुद्धा होते, म्हणून गणबानं वल्हं उचललं.

बाभळींच्या आत, गुडघाभर चिखलात तिघीजणी बसल्या होत्या. एक म्हातारी सासू, तिची तरुण सून आणि सुनेच्या कवेत ताप आलेली लहान पोर. त्यांच्या गावची दलित वस्ती जाळली होती. सुनेचा नवरा दुसऱ्या बाजूला पळाला, तो कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. आम्हाला बघून सुनेनं पोरीचं तोंड आणखी घट्ट दाबलं. तिची खात्री पटायला वेळ लागला. होडीत बसल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, तुम्ही हाक मारली ते बरं झालं."

"आमी कुठं हाक मारली?" ती म्हणाली. "सकाळधरनं ह्या लेकराला रडू दिलं न्हाई मी. हाक मारली असती तर कापूनच टाकलं असतं आमाला."

बेटवाले पाण्याकडं बघत होते.

तिचं नाव गिरजाबाई. सातवीपर्यंत शिकलेली. त्या तिघी देवळाच्या गाभाऱ्यात राहिल्या, जिथं पिंडीची रिकामी जागा होती. बेटवाल्यांनी त्यांच्यासाठी चूल मांडली, स्वतः भाकरी थापल्या, पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पोरीचा ताप उतरल्यावर त्यांनी गिरजाबाईला विचारलं, "वाचता येतं का गं?" ती हो म्हणाली, तसे त्यांनी मूळ मजकुराचे कागद तिच्या हातात दिले. मी गेलो तेव्हा ती पदर सावरून बसली होती आणि कुठल्याशा भूगोलाच्या पुस्तकातलं अडखळत वाचत होती. बेटवाले म्हणाले, "मास्तर, आवाज बघा. जितं माणूस वाचतं तेव्हा चूक आधी कळती." त्या दिवसांत दुसरा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही.

त्यांना शोधणारी माणसं शेवटी आलीच. बाई पाण्यापलीकडं गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. भर दुपारी एका होडीत चौघंजण, हातात काठ्या, एकाच्या मांडीवर कुऱ्हाड. त्यांतले दोघं आमच्याच गावचे. मी बेटावर होतो. गिरजाबाई सासू आणि पोरीला घेऊन गाभाऱ्याच्या अंधारात शिरली. बेटवाले हातातलं प्रूफ तसंच घेऊन पायरीवर उभे राहिले.

"कोन हाय बेटावर?" होडीतून एकानं विचारलं.

"गाव हाय," बेटवाले म्हणाले. "तुमचंच जुनं गाव. उतरा की."

होडी आणखी पुढं आली. आणि तेव्हा जात्याची घरघर सुरू झाली. आधी अगदी हलकी, मग सबंध बेटातून आल्यासारखी. पायाखालचा दगड मला थरथरताना जाणवला. घरघरीवर एका बाईचं गुणगुणणं होतं, शब्द कळत नव्हते. कुऱ्हाडवाल्या माणसाचं जुनं घर याच टेकाडाच्या पायथ्याला होतं, हे मला ठाऊक होतं. त्यानं कुऱ्हाड होडीच्या तळाशी ठेवली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आमच्या आईचं जातं हाय हे," तो म्हणाला. त्याची आई पाणी येण्याआधीच गेली होती.

वल्हं पाण्यातच थांबलं होतं.

"फिरव," तो वल्हं मारणाऱ्याला म्हणाला. "होडी फिरव म्हन्लं ना."

ते दिसेनासे होईपर्यंत घरघर चालू होती. मग मी गाभाऱ्यात डोकावलो. म्हातारी डोळे मिटून भिंतीला टेकली होती. गिरजाबाईचा हात पोरीच्या तोंडावर होता. तिथं जातं नव्हतं, बेटावर कुठंच नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही ऐकलं का?" गिरजाबाई म्हणाली, "काय ऐकायचं? एवढी सामसूम होती, मला वाटलं तुमाला मारून टाकलं."

वातावरण निवळून एसटी सुरू झाल्यावर गणबानं त्या तिघींना पहाटे दुसऱ्या काठाला उतरवलं. बेटवाल्यांनी नांदेडच्या एका ओळखीच्या छापखान्यात शब्द टाकला होता. गिरजाबाईला तिथं काम मिळालं, पुढं नवराही तिला शोधत तिथं पोचला. ती गेली त्या दिवशी बेटवाल्यांनी गठ्ठा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, जित्या माणसाची सवय लय वाईट."

पुढं ओळीनं काही वर्षं कोरडी गेली. धरणातलं पाणी उतरत गेलं आणि एका उन्हाळ्यात बेटापर्यंत पायवाट झाली. भेगाळलेल्या गाळातून जुनं गाव वर आलं. अर्ध्या भिंती, दगडी उंबरे, मारुतीच्या पाराचा कठडा. सगळीकडची माणसं बघायला आली, लेकराबाळांना आपली घरं दाखवू लागली. मीही गेलो. बेटवाले खाली उतरून गल्लीगल्लीतून फिरत होते. प्रत्येक उंबऱ्याशी वाकून बघत होते. त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, जी मी कधी उघडी पाहिली नव्हती.

"काय बघता, काका?"

"कुणीच न्हाई हो," ते म्हणाले. "सगळे गेले."

"कुठं?"

"पाणी गेलं तिकडं."

त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून गठ्ठे चुकांसकट परत जाऊ लागले. छापखान्यांच्या तक्रारी आल्या. एके दिवशी ते वळकटी आणि ट्रंक घेऊन, चालत, माझ्या शाळेच्या दारात आले. पायांना गाळ लागला होता. नांदेडला जातो म्हणाले, गिरजाबाईच्या छापखान्याजवळ एक खोली बघितली आहे. मी त्यांना जिंतूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला. त्यांचे तळवे थंड होते, इतक्या उन्हातही. "मास्तर," ते म्हणाले, "पुन्हा पाणी भरलं तर तिथं एकटे जाऊ नका. त्यांना तुमची वळख झालीय." गाडी हलली. पुढच्या पावसात धरण भरलं आणि मी बदली मागून घेतली.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या साली परभणीच्या एसटी स्टँडवर एका बाईनं मला ओळखलं. केस पांढरे होऊ लागलेले, डोळ्यांवर चष्मा. गिरजाबाई होती. बरोबर उंच, कॉलेजात जाणारी मुलगी. बाभळीत जिचं तोंड दाबून धरलं होतं तीच. आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. बेटवाले दोन वर्षांमागं गेले, तिनं सांगितलं. शेवटी अंथरुणाला खिळले होते, तिनं आणि तिच्या नवऱ्यानंच केलं. नातेवाईक कुणी आलं नाही.

"अस्थी गोदावरीत सोडल्या?" मी विचारलं.

तिनं हातातला ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाली, "न्हाई, गुर्जी. त्यांनी वचन घेतलं होतं माझ्याकडून. म्हनले, राख कोरड्या मातीत पुर, वर दगड ठिव. नदीला न्हेऊ नको." तिनं पोरीकडं बघितलं, पोर रस्त्याकडं बघत होती. "मी म्हनलं, दादा, असं का? तर म्हनले, गिरजे, पाण्यात आधीच लय माणसं हायेत. जागा न्हाई तिथं."

तिची गाडी लागली होती. पिशवी उचलून ती उठली.